सोललेल्या धाटाचं ॲव्हरेज

आमच्या मामांची जीप महायुद्धात लढून आलेली होती. कुणाच्या बाजूनं लढली, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या अंगावर रंगाचे तीन थर होते, आणि जपान्याची गोळी लागली म्हणून जे भोक मी लोकांना दाखवायचो, ते खरं तर मामांच्याच गोठ्यातल्या खुंटीनं पाडलेलं होतं. लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांचा सोलापुरात लिलाव होता. मामा त्याच दिवशी बैलांच्या झुली आणायला सोलापूरला गेले, आणि झुलींऐवजी जीप घेऊन अणदूरला आले. मामींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "हिला वैरण काय?"

"पेट्रोल," मामा म्हणाले.

"किती खाती?"

या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायला दीड वर्ष लागलं, आणि ते मिळालं तेव्हा कुणालाच नको होतं.

मी तेव्हा विशीत होतो. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. कचेऱ्यांतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि ती लिहायला माणसं हवी होती. माझे वडील तुळजापुरात शाळामास्तर. त्यांनी माझ्यासाठी अशाच एका कचेरीत नकलाकारकुनाची जागा बघून ठेवली होती. एका कागदावरचं दुसऱ्या कागदावर उतरवायचं आणि त्यात पदरचं एक अक्षर घालायचं नाही, हे ते काम. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा काळं पाणी बरं. मी सुट्टीला म्हणून मामांकडं आलो, आठ दिवसांत जीप चालवायला शिकलो, नवव्या दिवशी बांधावरची बोर मुळासकट उपटली आणि दहाव्या दिवशी मामांचा ड्रायव्हर झालो. दर पंधरा दिवसांनी वडिलांचं कार्ड यायचं: जागा अजून आहे. मी उलट कार्ड टाकायचो: जीपला माझी गरज आहे.

ते खोटं नव्हतं, कारण दुसरं कुणी तिच्याजवळ जायला तयार नव्हतं. तिला सेल्फ होता, पण तो बहुधा लष्करातून पेन्शन घेऊनच आला होता. सकाळी चौघांनी ढकललं की ती सुरू व्हायची, आणि एकदा सुरू झाली की दिवस मावळेपर्यंत बंद करायची नाही, असा घरचा नियम. मामा तुळजापुरात चहा प्यायचे, हजामत करून घ्यायचे, एखाद्याची सोयरीक जुळवायचे, तोवर जीप बाहेर धडधडत उभी. एकदा आमच्या अणदूरच्या खंडोबाला तळी उचलून होईपर्यंत तिनं जाग्यावर उभ्या उभ्या हैदराबादला जाण्याइतकं पेट्रोल जाळलं. ब्रेक होते, पण ते सांगितल्यावर जरा विचार करून लागायचे.

पेट्रोल दाखवणारा काटा 'टाकी भरलेली' या जागी अडकून बसला होता. टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली, म्हणजे मी अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा पेट्रोलवर बसून गाडी हाकायचो. किती उरलं ते बघायचं तर मी उठायचं, बैठक उचलायची, झाकण काढायचं आणि आत काहीतरी बुडवून बघायचं. आधी आम्ही लोखंडी सळई वापरली. पण आमच्याकडचं ऊन असं, की सळई बाहेर काढून डोळ्यापुढं धरेपर्यंत पेट्रोल उडून ती कोरडी ठाक. मग मी डोकं चालवलं. गोठ्यात कडब्याची गंज होती. त्यातला शाळू ज्वारीचा एक जाड, सरळ धाट काढला, वरची साल सोलून आतलं मऊ पांढरं भेंड मोकळं केलं, टाकीत एकेक गॅलन ओतत गेलो आणि प्रत्येक गॅलनला धाट बुचकळून विळ्यानं खूण पाडत गेलो. पांढऱ्या भेंडावर ओल कशी स्वच्छ दिसायची. मामांनी धाट हातात घेऊन उलटसुलट फिरवला आणि म्हणाले, "आपल्याच रानातला हाय. खोटं बोलायचा न्हाय."

मोजणी करायचा मान मामांचा. ते घाई करत नसत. धाट टाकीत उभा करायचे, कमरेची चंची सोडायचे, तंबाखू तळहातावर घ्यायचे, चुना लावायचे, मळायचे, थापटायचे, फुंकर घालायचे, चिमूट ओठात सरकवायचे, हात झाडायचे, आणि मग धाट काढून बघायचे. दर वेळी जीपनं थक्क करावं. नळदुर्गला जाऊन आलो तरी धाटावरची ओल जेमतेम एक बोट खाली.

झालं. माझ्या जिभेला एवढंच पाहिजे होतं. अणदूरच्या पारावर मी सांगितलं की गाडी गॅलनला अठरा मैल देते. ते नळदुर्गला पोचेपर्यंत बावीस झाले. तुळजापूरच्या मोटारस्टँडवर मी स्वतःच तीस सांगितले आणि वर म्हणालो, "ती पेट्रोल पीतच न्हाय हो, निस्ता वास घेती."

एकच गोष्ट जुळत नव्हती. धाटाच्या हिशेबानं टाकी पुन्हा भरायला तीन गॅलन लागायला हवं, तिथं पाच लागायचं. मामांनी त्याचा अर्थ असा लावला, की पंपवाला माप मारतो. त्यांनी त्या गरिबाकडं असं बघायला सुरुवात केली, की तो आम्ही दिसलो की आपणहून शपथा घ्यायचा. शेवटी मामीच म्हणाल्या, "एक तर पंपवाला चोर, न्हायतर जीप खादाड, न्हायतर भाचेबुवा लबाड. तिघांतला एक शोधा अन् मोकळे व्हा."

त्याच सुमारास सोनारीचे एक बागायतदार जीपवर डोळा ठेवून होते. त्यांनी ती तुळजापुरात पाहिली होती, माझे तीस मैलही ऐकले होते, आणि दोन निरोप धाडले होते. मामांना सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जायचंच होतं. त्यांनी मला समोर बसवलं.

"हे बघ. तुळजापुरात रिकाम्या टाकीत मोजून धा गॅलन भरायचं. त्यात सोनारी करून परत तुळजापूर गाठलं, तर जीप आपली. न्हाय गाठलं, तर ती सोनारीच्या पाहुण्याला देऊन टाकू, अन् तू कचेरीत जाऊन नकला काढ."

जाऊन-येऊन पल्ला सव्वाशे मैलांचा. धाटाच्या हिशेबानं हे जीपच्या डाव्या चाकाचं काम होतं. मी हसून बरं म्हणालो.

तुळजापुरात पंपवाल्यानं दहा गॅलन भरले, आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, आणि नंतर भवानीच्या कळसाकडं हात करून शपथही घेतली. आम्ही निघालो. मला वाटत होतं, मी आणि मामा, दोन माणसं, गाडी हलकीफुलकी जाईल. पण मामांना रस्त्यात हात केलेला माणूस सोडवत नसे. जीप आल्यापासून मामांची मान वर गेली, असं कुणी म्हणू नये, म्हणून ते हात न केलेल्यालाही थांबवून विचारायचे. बार्शीच्या अलीकडंच आम्ही अकरा झालो. त्यात एक कोंबडी धरलेली म्हातारी होती, आणि सासुरवाडीला नव्या जात्याच्या दोन्ही तळ्या घेऊन निघालेला एक जावई होता.

"मामा," मी कळवळून म्हणालो, "आज परीक्षा आहे. माणूस बसला की मैल उतरतो."

"मग काय म्हातारीला सांगू? आम्ही ॲव्हरेज काढायलोय, तू चालत ये?"

"म्हातारीचं नाही हो. ते जातं तरी उतरवा."

मागून म्हातारी म्हणाली, "त्याला कशापायी उतरवतू? ह्या गाडीत जुंधळं आपसुक दळून निघत्याल, जात्याचं काम न्हाय. हालतीय किती."

परंड्याकडच्या रस्त्यावर निजामाच्या वेळचे मैलाचे दगड होते, उर्दू आकड्यांचे. मामा उर्दू शाळेत शिकलेले. ते प्रत्येक दगड अख्ख्या गाडीला मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि वाचायला गाडी हळू करायला लावायचे. पुन्हा वेग घ्यायला जीप जो हुंकार द्यायची, त्यात मला कचेरीतलं बोलावणं ऐकू यायचं. बार्शीत मामांनी चहा घेतला. परंड्यात ताक प्यायले. दोन्हीकडं इंजिन चालू.

सोनारीला पोचलो तर बागायतदार देवळापाशी वाट बघत उभे. अंगानं ऐसपैस, डोक्याला भला मोठा फेटा. म्हशींच्या बाजारात उभा जन्म गेलेला, त्यामुळं जीपलाही त्यांनी आधी दात बघायचे तसं बॉनेट उघडून बघितलं. सोनारीत माकडं उदंड. त्यातलं एक थोराड माकड येऊन जीपच्या काचेवर बसलं आणि तेही बघू लागलं. मामांनी दर्शन घेतलं, कपाळाला भस्म लावलं, आणि सगळ्या लोकांसमोर बैठक उचलली. धाट आत गेला. चंची सुटली. देवाच्या दारात आल्यामुळं मामांनी त्या दिवशी तंबाखू जरा सावकाशच मळली.

धाट बाहेर आला. ओल सातव्या खुणेवर.

म्हणजे तुळजापूरपासून सोनारीपर्यंत, अकरा माणसं, एक कोंबडी आणि एक जातं घेऊन जीपनं तीन गॅलन पेट्रोल खाल्लं होतं. लोकांनी भैरोबाच्या नावानं चांगभलं केलं. माझी छाती अशी फुगली, की सदऱ्याचं एक बटण माकडाला लागलं.

"आता कसं, मामा?"

मामा काही बोलायच्या आत बागायतदार म्हणाले, "पाहुणं, मी आत्ता घेतो. मागाल ते देतो."

तिथं माझ्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. जीप जितकी कमी पेट्रोल खाणार, तितकी ती याला हवीशी होणार. आणि मामा फेटा मागं सारून विचार करत होते. मग मी उलटा सुटलो. ब्रेक लागत नाहीत म्हणालो. सेल्फ नाही म्हणालो. पावसात चालवायची तर ड्रायव्हरलाच छत्री धरावी लागते म्हणालो. एका वळणावर तिचं मागचं चाक आम्हाला ओलांडून पुढं निघून गेलं होतं, हेही सांगितलं, आणि यातलं शेवटचं सोडलं तर सगळं खरं होतं.

बागायतदार शांतपणं ऐकत होते. मग मामांना म्हणाले, "धनी म्हशीला नावं ठेवायला लागला, की समजायचं, म्हैस दुधाची हाय. घरी जाऊन इचार करा. मी थांबतो."

परतीला लागलो. मागं नवी नऊ माणसं. बार्शी मागं पडली. तुळजापूर आता थोडंच राहिलं होतं, आणि रस्ता चढाला लागला, तशी जीपनं एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि उभी राहिली. दीड वर्षात पहिल्यांदा ती दिवसाउजेडी स्वतःहून गप्प झाली. त्या शांततेत सगळ्यांना आपापले आवाज मोठे वाटू लागले.

मामांनी बैठक उचलली, धाट घातला, तंबाखू मळली, धाट काढला. "तीन गॅलन हाय. पेट्रोलचा प्रश्न न्हाय."

मग आम्ही बाकी सगळे प्रश्न सोडवले. मी प्लग काढून पुसले. कार्बोरेटर उघडून फुंकला. नऊ जणांनी ढकलून बघितलं, पुढं आणि मागं. एकानं सांगितलं, जीपला दृष्ट लागली. तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरून झाल्या. एकानं सांगितलं, तिला सोनारीतून निघताना नारळ फोडला नाही. नारळ फुटला, खोबरं वाटून खाल्लं, तरी ती गप्प. तासाभरानं सगळे हळूहळू चालायला लागले. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "वास घेती म्हणत होता. सर्दी झाली वाटतं."

राहिलो मी आणि मामा. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर आला. मेंढरं जीपच्या दोन्ही बाजूंनी वाहत निघाली. तो थांबला, आणि हातातल्या काठीनं टाकीवर एक टोला दिला. ठण्णकन आवाज आला.

"मालक, रिकामी हाय की."

"रिकामी कशी? धाट बघा. तीन गॅलन."

धनगरानं धाट घेतला. नखानं दाबला, नाकाशी नेला. "सोलला कुणी ह्यो?"

"म्या न्हाय, भाच्यानं," मामा म्हणाले.

"बरूबर. सोललेला धाट पितो, मालक. आमी आई मेलेल्या कोकराला दूध पाजतो ते असंच. भेंड दुधात उभं करायचं, दूध आपसुक वर चढतं, कोकरू चोखत बसतं. खाली बोटभर दूध असंल, तरी भेंड वीतभर वलं. जितका येळ ठिवाल, तितकं वर." आणि मेंढरांमागं चालता चालता मागं वळून म्हणाला, "कोकरू हाय का टाकीत?"

मामांनी हातातल्या चंचीकडं बघितलं. खुणा पाडताना मी धाट बुचकळून लगेच काढला होता. नंतर दीड वर्ष दर वेळी तो मामांची तंबाखू मळून होईपर्यंत टाकीत उभा होता. जीपचं ॲव्हरेज जीप देत नव्हती. शाळू देत होता, आणि थोडंफार मामांचा अंगठा.

एका मालमोटारवाल्याकडून डबाभर पेट्रोल मागून आम्ही तुळजापूर गाठलं. मामा आधी पंपावर गेले. पंपवाला शपथेसाठी हात वर करायला लागला, तर मामांनी तोच हात धरला आणि त्याला सोबत नेऊन जेवू घातलं. अजून त्या माणसाला कळलेलं नाही, की कशासाठी.

घरी आल्यावर मामींनी विचारलं, "तिघांतला कोण निघाला?"

"तिघंबी न्हाय. तुझा कडबा," मामा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "धा गॅलनात तुळजापूर गाठलं न्हाय. बोलल्यापरमाणं जीप जाणार. पण भैरोबाच्या दारात सात गॅलन दाखवून धा मैलाची गाडी मी कुणाच्या गळ्यात घालणार न्हाय. कार्ड घे अन् सोनारीला खरं लिही."

मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पदरचं एक अक्षर न घालता लिहिलं: गाडी गॅलनला जेमतेम दहा मैल देते, उभी असताना त्याहून वाईट, सोनारीस दाखवलेला धाट सोललेला होता, सबब चुकीचा. नकलाकारकुनाची सगळी लक्षणं त्या कार्डात होती, आणि ते मी तसंच पोस्टात टाकलं. खिशात वडिलांचं ताजं कार्ड होतं: जागा सोमवारपर्यंत आहे, नंतर नाही.

चौथ्या दिवशी बागायतदार एसटीनं अणदूरला हजर. आमचं कार्ड त्यांनी फेट्यात खोचून आणलं होतं.

"पाहुणं, धा मैल? म्या माझ्या डोळ्यानं सात गॅलन बघितलं. सगळ्या सोनारीनं बघितलं. माकडानं बघितलं."

"धाट पितो," मामा म्हणाले.

"धाट पितो." बागायतदार मामींकडं बघून हसले. "वैनी, म्हशीच्या बाजारात म्या लई ऐकलं. म्हैस लाथ मारती, म्हैस भिती, म्हैस सपनात हंबरती. पण दाव्यानं दूध पिलं, असं कुणी सांगितलं न्हाय."

मी पुढं होऊन सगळं समजावलं. भेंड, कोकरू, तंबाखू, धनगर, सगळं. इतकं खरं मी एका बैठकीत कधी बोललो नव्हतो, आणि त्यातलं एक अक्षर त्यांनी घेतलं नाही. तुळजापूरच्या स्टँडवर तीस मैल सांगणारा मीच, सोनारीत जीपला नावं ठेवणारा मीच, आणि आता धाट पितो म्हणणाराही मीच. त्यांनी यातलं त्यांना आवडलं ते धरलं.

"विकायची न्हाय म्हणून दोघं मिळून कायबी रचायलाय," ते म्हणाले. "मी गाडी घेऊन जाणार. अन् नुसती गाडी न्हाय. ही चालती ती ह्या पोरामुळं चालती, हे काय मला दिसत न्हाय व्हय? पोरगा पायजे, अन् धाटबी पायजे. तोच धाट. दुसरा न्हाय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. मामी आत गेल्या आणि माझी पेटी आणून जीपच्या मागच्या बाजूला ठेवून आल्या. म्हणजे घरातला निर्णय झाला होता.

"मी खरं ते सांगितलं," मामा बागायतदारांना म्हणाले. "पुन्हा म्हणू नका."

"म्हणत न्हाय. आता निघताना एकदा मोजून द्या, तुमच्या हातानं."

टाकीत मी सकाळीच मोजून चार गॅलन ओतलं होतं. मामांनी बैठक उचलली, धाट उभा केला, आणि हात आपसूक चंचीकडं गेला. मग एकदम थांबला. त्यांनी चंची परत कमरेला खोचायला घेतली.

"मळा की," बागायतदार म्हणाले. "मलाबी एक चिमूट द्या."

पाहुण्यानं तंबाखू मागितल्यावर नाही म्हणणं आमच्याकडं होत नाही. मामांनी दोघांपुरती तंबाखू घेतली. दोघांपुरती म्हणजे चुना जास्त, मळणं जास्त, थापटणं जास्त. मी पेटीवर बसून बघत होतो. शेवटी पाहुण्यांच्या हातावर चिमूट ठेवून झाली आणि धाट बाहेर आला.

ओल आठाच्या वर गेली होती.

बागायतदारांनी तोबरा गालात सरकवला, धाट उन्हात धरला आणि मामांच्या पाठीवर हात ठेवला. "बघा. गोठ्यात उभ्या उभ्या वाढतंय, अन् तुम्ही म्हणताय धा."

मामांनी चंची कमरेला खोचली. चौघांनी जीप ढकलली, ती सुरू झाली, आणि मी ती सोनारीच्या वाटेला लावली. नळदुर्गला पोस्टापाशी मी गाडी उभी केली, अर्थात इंजिन चालू ठेवून, आणि वडिलांना कार्ड टाकलं: जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. तुळजापुरात बागायतदार चहा प्यायला बसले, तेव्हा मी पंपावर जाऊन चार गॅलनचा एक डबा भरून मागच्या बैठकीखाली दडवला. सोनारीत मी पाच वर्षं ती जीप चालवली, आणि धाट खोटा पडायला लागला की डब्यातलं गुपचूप टाकीत ओतत राहिलो. त्या डब्याबद्दल मी कुणाला काही बोललो नाही, आणि धाटही मी कुणाला बदलू दिला नाही.